काळोखातल्या भुंगेऱ्यांचा अभ्यास

गुहेत राहणाऱ्या भुंगेऱ्यांवर गेल्या दोनेक शतकांत जे लिहिलं गेलं, त्यातला फार मोठा भाग मेलेल्या भुंगेऱ्यांबद्दल आहे. टाचणीला टोचलेले, कागदाच्या पट्टीवर चिकटवलेले, नाहीतर अल्कोहोलच्या कुपीत बुडवलेले काही मिलिमीटर लांबीचे देह. मिशा किती लांब, डोळ्यांच्या जागी काय उरलं आहे, नराच्या जननेंद्रियाची घडण कशी, यावरून प्रजाती ठरल्या. प्रजातींवरून वंशावळी मांडल्या गेल्या आणि वंशावळींच्या आधाराने उत्क्रांतीचे मोठे सिद्धांत उभे राहिले. हे काम चिकाटीचं होतं, त्याच्याशिवाय पुढचं एक पाऊलही पडलं नसतं. तरी हा इतिहास सलग वाचला की एक गोष्ट वारंवार जाणवते. कुणीतरी जिवंत भुंगेऱ्याजवळ बसून राहिलं, तो काय खातो, अंडी कुठे घालतो, किती उष्णता सोसतो हे पाहिलं, की आधीच्या एखाद्या सिद्धांताचा पाया हलतो. या क्षेत्राचा आढावा मी याच बाजूने घेणार आहे.

आधी हे भुंगेरे कोण ते पाहू. काळोखात कायमचे वस्तीला गेलेले बहुतेक भुंगेरे दोन कुळांतले आहेत. एक कॅराबिडी, म्हणजे जमिनीवर धावत शिकार करणारे. त्यातला ट्रेकिनी हा गट गुहांमध्ये सर्वांत जास्त विस्तारला. दुसरं कुळ लायोडिडी, कुजकं-मेलेलं खाणारे. त्यातला लेप्टोडिरिनी हा गट युरोपाच्या दक्षिण भागातल्या डोंगरांत भूमिगत झाला. दोन्ही गटांत काळोखाचा परिणाम विलक्षण सारखा दिसतो. डोळे नाहीत किंवा नावापुरते आहेत. मागचे पंख गेलेले, पुढचे कठीण पंख एकमेकांना जखडलेले. रंग काळा न राहता मधासारखा तांबूस. पाय आणि मिशा लांबलेल्या, डोकं आणि मान निमुळती, अंगावर स्पर्श ओळखणारे लांब केस. लेप्टोडिरिनी गटातल्या काहींचं पोट टम्म फुगलेलं वाटतं, पण फुगलेलं असतं ते वरचं कवच. त्या घुमटाखाली दमट हवा साठून राहते आणि शरीर कोरडं पडत नाही, असं मानलं जातं.

असाच एक फुगीर भुंगेरा १८३१ साली लुका चेच याला सापडला. आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्टोय्ना गुहेत तो दिवे लावण्याचं काम करायचा. या गुहेचा आतला मोठा भाग १८१८ साली त्यानेच शोधला होता. चेचने तो किडा काउंट फ्रान्झ फॉन होहेनवार्ट यांना दिला, त्यांच्याकडून तो ल्युब्लियानाच्या फर्डिनंड श्मिट यांच्याकडे गेला. श्मिट पेशाने व्यापारी आणि आवडीने निसर्ग-अभ्यासक. त्यांनी १८३२ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं लेप्टोडायरस होहेनवार्टी. शास्त्राने वर्णन केलेला हा पहिला खरा गुहावासी कीटक. नावात काउंट आहेत, चेच नाही. अटलांटिकच्या पलीकडे केंटकीतल्या मॅमथ केव्हमधून टेलकाम्फ नावाच्या डॉक्टरांनी गोळा केलेला आंधळा भुंगेरा १८४४ मध्ये बर्लिनच्या एरिक्सन यांनी नोंदवला, तो आज निआफीनॉप्स टेलकाम्फी या नावाने ओळखला जातो. त्या काळी मॅमथ केव्हच्या वाटा सर्वांत नीट ठाऊक असलेला माणूस होता स्टीफन बिशप हा गुलाम वाटाड्या. त्याने १८४२ साली या गुहेचा नकाशा काढला. गुहाजीवशास्त्राच्या पायाशी दिवेवाले आणि वाटाडे उभे आहेत. ही माणसं रोज तिथे असायची, म्हणून त्यांना दिसलं.

कोपनहेगनचे योर्गेन श्योट १८४५ मध्ये पोस्टोय्नाला आले आणि १८४९ मध्ये त्यांनी भूमिगत प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत उजेड कमी होत जातो तसे प्राणीही बदलत जातात, हे त्यांनी मांडलं. १८५४ मध्ये ऑस्ट्रियाच्या शिनर यांनी गुहेतल्या प्राण्यांची तीन गटांत विभागणी केली: चुकून येणारे, येऊन-जाऊन राहणारे आणि तिथेच जन्मून तिथेच मरणारे. थोड्या डागडुजीसह ही विभागणी आजही वापरात आहे. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये डार्विनने श्योट यांचा आधार घेतला आणि दोन मुद्दे मांडले. पहिला मला आजही फार मोलाचा वाटतो. युरोप आणि अमेरिका इथल्या गुहांतली परिस्थिती जवळपास एकसारखी आहे. प्राणी त्या गुहांसाठी मुद्दाम घडवलेले असते, तर दोन्हीकडचे प्राणी एकमेकांचे सख्खे निघायला हवे होते. तसं दिसत नाही. गुहेतला प्राणी दूरच्या गुहेतल्या प्राण्याचा नातलग नसतो, त्याच गुहेच्या छपरावर, बाहेरच्या रानात राहणाऱ्यांचा असतो. दुसरा मुद्दा डोळ्यांचा. अंधारात डोळे निरुपयोगी असले तरी ते अपायकारक कसे ठरतील हे डार्विनला दिसेना, म्हणून डोळे जाण्याचं कारण त्याने वापर नसणं हेच मानलं. नैसर्गिक निवडीचा जनकच इथे निवड बाजूला ठेवतो. पुढची शंभर वर्षं गुहेतल्या भुंगेऱ्याला विचारला गेलेला मुख्य प्रश्न हाच राहिला: तुझे डोळे कुठे गेले?

अमेरिकेत आल्फियस पॅकार्ड यांनी १८८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या गुहाप्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वापर नाही म्हणून अवयव झिजतो आणि ती झीज पुढच्या पिढीत उतरते, हे लामार्कचं म्हणणं त्यांनी गुहेतल्या प्राण्यांवरून ठासून मांडलं. पण या शास्त्राला स्वतःचं घर मिळालं ते एमिल राकोवित्सा यांच्यामुळे. हा रुमेनियन प्राणिशास्त्रज्ञ १८९७ ते १८९९ या काळात बेल्जिका जहाजावरून अंटार्क्टिकाला जाऊन आलेला होता. १९०७ मध्ये त्यांनी गुहाजीवशास्त्राच्या प्रश्नांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि १९२० मध्ये क्लुज इथे गुहांच्या अभ्यासाची जगातली पहिली संस्था स्थापन केली. त्यांचे सहकारी रने जानेल तर भुंगेऱ्यांचेच. ट्रेकिनी आणि लेप्टोडिरिनी या दोन्ही गटांवर त्यांनी जे महाग्रंथ लिहिले, त्यांच्याशिवाय आजही कुणाचं पान हलत नाही. जानेल यांच्या नजरेत हे भुंगेरे जिवंत जीवाश्म होते. बाहेरचं जग बदललं, नातलग संपले, हे तेवढे थंड काळोखात टिकून राहिले. पुढे अल्बेर वांदेल यांनी १९६४ च्या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. त्यांच्या मते गुहावासी प्राणी म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या वंशशाखा. त्यांची वाट पुढे जात नाही, त्यांनी फक्त गमावलेलं आहे.

या मांडणीला खिंडार पडलं ते वांदेल यांच्याच संस्थेत झालेल्या कामातून, आणि तो भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९४८ मध्ये फ्रान्समधल्या पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी, मूलिस या गावी, एका खऱ्या गुहेतच प्रयोगशाळा उभारली गेली. तिथे सिल्वी देलरांस-ग्लासों यांनी लेप्टोडिरिनी भुंगेरे जिवंत पाळायला सुरुवात केली. आधीच्या पंडितांनी प्रौढ भुंगेऱ्यांचं मापन केलं होतं, यांनी अंड्यापासून सुरुवात केली. एरवी या कुळातल्या मादीने बरीच छोटी अंडी घालावीत, अळ्यांनी हिंडून खावं, तीनदा कात टाकत वाढावं आणि मग कोशात जावं, असा क्रम असतो. कमी सरावलेल्या प्रजातींत तो तसाच दिसला. काही प्रजातींत अळीच्या तीनऐवजी दोनच अवस्था निघाल्या. आणि स्पिओनोमस लाँगिकॉर्निस यासारख्या पुरत्या गुहावासी प्रजातींत तर भलतंच घडत होतं. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तिच्या देहाच्या मानाने प्रचंड मोठं. त्यातून निघालेली अळी काहीच खात नाही. अंड्यात आईने भरून दिलेल्या शिदोरीवरच तिचं भागतं. ती ओल्या चिकणमातीची एक बंद कोठडी करते, आत महिनोन् महिने पडून राहते आणि तिथेच कोशावस्थेतून भुंगेरा होऊन बाहेर पडते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. अन्न कुठे मिळेल याचा भरवसा नसलेल्या जगात इवल्याशा अळीने हिंडत राहणं हा जीवनक्रमातला सर्वांत धोक्याचा टप्पा. या भुंगेऱ्यांनी तो टप्पाच काढून टाकला. अन्न गोळा करण्याचं काम लांब पायांच्या, दीर्घायुषी, अनुभवी आईकडे गेलं. टाचणीवरच्या देहात यातलं काहीच दिसत नाही. तिथे दिसते ती फक्त नसलेल्या डोळ्यांची जागा.

तरीही वांदेल यांच्या बाजूने कुणी म्हणू शकलं असतं की एका अंड्यावर आलेली ही घराणी आता संपायच्या मार्गाला लागली आहेत. स्पेनमधल्या इग्नासियो रिबेरा यांच्या गटाने हा प्रश्न डीएनएच्या मदतीने तपासला. पिरिनीजमधल्या लेप्टोडिरिनींची वंशावळ त्यांनी बांधली. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की यातल्या बहुसंख्य प्रजाती एकाच पूर्वजापासून आल्या, तो पूर्वज साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बहुधा तेव्हाच भूमिगत झालेला. २०१४ मध्ये त्याच वंशावळीवर त्यांनी देलरांस-ग्लासों यांची अळ्यांबाबतची निरीक्षणं बसवली. तीनवरून दोन, दोनवरून एक, असा बदल झाला की तो उलट फिरत नाही, हे खरं निघालं. पण एका अवस्थेवर आलेल्या शाखा खुंटल्या नव्हत्या. त्यांना फांद्या फुटत होत्या, नव्या प्रजाती बनत होत्या. गुहा ही उत्क्रांतीची बंद गल्ली आहे, हे म्हणणं निदान या भुंगेऱ्यांपुरतं तरी टिकलं नाही.

केंटकीतलं काम वेगळ्या प्रकारचं, पण त्याच वाटेवरचं. मॅमथ केव्हच्या ज्या निआफीनॉप्सचं वर्णन १८४४ पासून छापलेलं होतं, तो पोट कसा भरतो हे १९७० च्या दशकात टॉमस केन, रसेल नॉर्टन आणि टॉमस पोल्सन यांनी बारकाईने पाहिलं. या गुहेत लांब पायांचे गुहाटोळ असतात. ते रात्री बाहेर जाऊन चरतात, परत येतात आणि माद्या आतल्या वाळूत अंडी पुरतात. भुंगेरा वाळूवर फिरतो, अंडं पुरलेली जागा हुडकतो, तिथे खड्डा खणतो आणि अंडं शोषून रिकामं करतो. त्याच्या देहाच्या मानाने हे एक अंडं म्हणजे मोठी मेजवानी. म्हणून हा भुंगेरा वाळूच्या दालनांत दाटीने सापडतो आणि चिखलाच्या दालनांत विरळ, आणि त्याचा विणीचा हंगाम टोळांच्या अंडी घालण्याच्या हंगामामागून येतो. गुहेत ऋतू नसतात, अन्न नसतं, सगळं स्थिर असतं, ही जुनी समजूत इथे कोसळते. टोळांच्या पायांवर बसून बाहेरचा ऋतू आत येतो. टेक्सासच्या गुहांतला ऱ्हेडाइन सब्टेरेनिया हा भुंगेरा कॅराबिडी कुळातलाच, पण अगदी वेगळ्या घराण्यातला. तोही गुहाटोळांची अंडी अशीच खणून खातो, हे रॉबर्ट मिचेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं. दोन घराण्यांनी एकमेकांशी संबंध नसताना एकच धंदा शोधला.

पिरिनीजमध्येच १९८० साली आणखी एक शोध लागला. त्यामुळे ‘गुहेतला भुंगेरा’ ही कल्पनाच सैल झाली. क्रिस्तियां जुबेर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहा नसलेल्या डोंगरउतारांवर, रानातल्या मातीच्या थराखाली, दरडीच्या दगडांमधल्या पोकळ्यांत सापळे लावले. तिथे त्यांना पक्के गुहावासी समजले गेलेले भुंगेरे मिळाले. जपानमध्ये शुन-इची उएनो हेही त्याच सुमारास अशाच निष्कर्षावर आले होते. मग लक्षात आलं की भुंगेऱ्याला पुरते ती काही मिलिमीटरची ओली, काळोखी भेग. अशा भेगांचं जाळं डोंगरभर पसरलेलं असतं. त्यातल्या ज्या पोकळीत माणूस शिरू शकतो तिला माणसाने गुहा म्हटलं आणि तिथेच शोध घेतला. गुहेत एखादी प्रजाती दोनदाच सापडली म्हणजे ती दुर्मीळच, असं नाही. ती कदाचित भिंतीच्या आत भरपूर असेल. एखादी प्रजाती एकाच गुहेत मिळते म्हणून ती तेवढ्याच जागेत राहते, हेही सिद्ध होत नाही. अमेरिकेत टॉमस बार यांनी आयुष्यभर ज्या स्यूडॅनॉफ्थॅल्मस वंशाचा अभ्यास केला, त्याच्या दीडशेच्या आसपास प्रजातींपैकी अनेक एकेकाच गुहेतून ठाऊक आहेत. त्या आकड्यांकडे ही शंका मनात ठेवूनच पाहायला हवं.

भुंगेरे मुळात जमिनीखाली का गेले, याच्या उत्तरात बार आणि जानेल या दोघांची भिस्त हिमयुगावर होती. थंड, ओलसर रानात पालापाचोळ्याखाली राहणारे भुंगेरे हवा तापल्यावर वर तग धरू शकले नाहीत, ते गारव्यासाठी खाली गेले, वरचे नातलग नष्ट झाले आणि खालचे अडकून वेगळे झाले. समशीतोष्ण प्रदेशातल्या काही घराण्यांना हे लागूही पडतं. पण १९७१ मध्ये फ्रान्सिस होवार्थ यांनी हवाई बेटांवरच्या लाव्हानळ्यांत गुहावासी प्राणी शोधून काढले आणि या स्पष्टीकरणाची मर्यादा उघडी पडली. तिथले खडक भूशास्त्राच्या हिशेबाने कालचे. गुहावासींचे जवळचे नातलग वर रानात आजही सुखाने जगत आहेत. त्यांना कुणी खाली हुसकलेलं नाही. खाली मोकळी जागा आणि अन्न होतं, ते स्वतःहून उतरले. हवाईतले ते प्राणी बहुतांशी भुंगेरे नव्हते, पण प्रश्न सर्वांना लागू झाला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या यिल्गार्न भागातली गोष्ट तर याहून चकित करणारी. तिथे जमिनीखाली चुनखडीसदृश कॅल्क्रीटचे थर आहेत, त्यांच्या पोकळ्यांत पाणी आहे. माणूस उतरेल अशी गुहा नाही. विल्यम हम्फ्रीज, क्रिस वॉट्स, रेम्को लाइस, स्टीव्हन कूपर आदींनी खाणकामासाठी आणि पाण्यासाठी मारलेल्या बोअरमधून जाळी सोडली आणि डोळे नसलेले पाणभुंगेरे वर काढले. अशा शंभरच्या आसपास प्रजाती आता माहीत आहेत, आणि जवळपास प्रत्येक कॅल्क्रीट थराला त्याच्या स्वतःच्या प्रजाती आहेत, जशा समुद्रातल्या बेटांना असतात. डीएनएच्या हिशेबाने हे भुंगेरे काही दशलक्ष वर्षांपूर्वी, खंड कोरडा पडत गेला त्या काळात, पाण्याच्या मागोमाग खाली गेले. इथे ढकललं ते दुष्काळाने.

आणि इथेच डार्विनच्या जुन्या प्रश्नालाही थोडंफार उत्तर मिळालं. या पाणभुंगेऱ्यांत दृष्टीशी आणि डोळ्याच्या रंगद्रव्याशी संबंधित जनुकं तपासली गेली, तेव्हा त्यांत बिघाड साचलेले दिसले. वेगवेगळ्या प्रजातींत बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी होते. बाहेरच्या भुंगेऱ्यात असा बिघाड झाला तर तो आंधळा होऊन लवकर मरतो आणि बिघाड त्याच्यासोबत जातो. काळोखात त्याला कुणी हटकत नाही, म्हणून तो उरतो. वापर नसल्याने होणारी झीज वारशाने येत नाही. राखण थांबते आणि पडझड आपोआप होत जाते. पण प्रत्येक गुहावासी भुंगेरा याच टप्प्यावर आहे असं धरून चालायचं नाही. केंटकीच्या टोमाफॅगस हर्टस या प्रजातीला ठिपक्याएवढा डोळा उरलेला आहे. तो निरुपयोगी असणार असंच मानलं जायचं. २०११ मध्ये मार्कस फ्रीड्रिश यांच्या गटाने पाहिलं की प्रकाश ओळखायला लागणारी जनुकं त्यात अजून चालू आहेत, आणि उजेड व अंधार यांत निवड करायला दिली तर हे भुंगेरे उजेड टाळतात. काळोखात राहणाऱ्याला उजेड कळणं उपयोगाचं असतंच, आपण चुकून दाराशी आलो आहोत हे त्याला त्यावरून समजतं. इथेही उत्तर मिळालं ते जिवंत प्राण्याला निवड करायला दिल्यावर.

नव्या प्रजातींचा ओघ अजून थांबलेला नाही. त्यात सध्या आघाडीवर आहे दक्षिण चीन. ग्वांगशीमधून २००२ मध्ये जिराफाफीनॉप्स आणि २०१७ मध्ये शुएडायटिस यांची वर्णनं झाली. दोघांचीही मान आणि डोकं इतकं लांबलेलं की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. काळ्या समुद्राजवळच्या अबखाझियातली क्रुबेरा गुहा दोन हजार मीटरहून खोल आहे, तिथला ड्युव्हेलियस ॲबिसिमस २०१४ मध्ये नोंदला गेला. रुमेनियातली मोव्हिले गुहा १९८६ मध्ये विहिरीसारखा खड्डा खणताना सापडली. बाहेरच्या जगापासून ती दीर्घकाळ तुटलेली, तिथलं सगळं अन्न सूर्यावर नव्हे तर गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंवर उभं आहे, आणि त्या साखळीतही क्लिव्हिना सब्टेरेनिया हा शिकारी भुंगेरा आहेच. पण मला सर्वांत ओढ वाटते ती हॅडेसिया व्हासिचेकीची. हर्झेगोव्हिनातल्या व्येत्रेनित्सा गुहेतून त्याचं वर्णन १९११ मध्ये झालं. हा भुंगेरा गुहेच्या उभ्या भिंतीवरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ पडद्यात राहतो. त्याच्या तोंडाच्या अवयवांना केसांच्या फण्या आहेत, आणि वाहत्या पाण्यातून येणारे सेंद्रिय कण तो त्यांनी गाळून खातो. कोरड्या देहावरच्या त्या फण्यांकडे पाहून त्यांचा उपयोग कुणाला सुचला नसता.

आता या प्राण्यांच्या जिवावर उठलेल्या गोष्टी. पहिली संग्राहकांची हाव. स्लोव्हेनियातल्या काही मोजक्या गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला ऑस्कर शायबेल यांनी १९३७ मध्ये हिटलरचं नाव दिलं. नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, नाव ओंगळ आहे म्हणून बदलण्याची सोय नाही. परिणाम असा की नाझी स्मृतिचिन्हं जमवणारे लोक या किड्यासाठी पैसे मोजतात आणि चोरटे शिकारी गुहांत सापळे लावतात. सापळे हा मुद्दा इतरत्रही गंभीर आहे. आमिष घातलेला पेला जमिनीत पुरून विसरला गेला, तर तो त्या भागातले सगळे भुंगेरे गिळत राहतो. एका वेळी एकच अंडं घालणाऱ्या प्रजातीला हे नुकसान भरून काढणं सोपं नाही. स्लोव्हेनियाने २००४ मध्ये गुहांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि चेचला सापडलेला लेप्टोडायरस आज युरोपीय संघाच्या संरक्षित यादीत आहे.

टेक्सासमध्ये लढाई जमिनीच्या भावाशी झाली. ऑस्टिन शहराभोवतीच्या चुनखडीत राहणाऱ्या काही गुहावासींना, त्यांत ऱ्हेडाइन पर्सेफोनी या भुंगेऱ्यालाही, १९८८ मध्ये केंद्रीय संरक्षण मिळालं. बांधकाम व्यावसायिक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, हे किडे एकाच राज्यात राहतात, त्यांचा आंतरराज्य व्यापाराशी काय संबंध, केंद्र सरकारला इथे अधिकारच नाही. २००३ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. संकटात असलेल्या सगळ्या प्रजातींचा एकत्रित विचार करावा लागतो, एकेकीला सुटं काढून तिची किंमत करता येत नाही, अशा आशयाचा तो निकाल होता. एवढ्याशा भुंगेऱ्यामुळे राज्यघटनेच्या एका कलमाचा कस लागला. मला हा निकाल शास्त्राच्याही दृष्टीने बरोबर वाटतो. टोळांवर भुंगेरे जगतात, टोळ बाहेर रानात चरतात. गुहेच्या तोंडाला कुंपण घातलं आणि वरचं रान बुलडोझरखाली गेलं, तर आत उपासमार होते. शिवाय बाहेरून आलेल्या आगमुंग्या गुहेत शिरतात.

तापमानाचा धोका याहून शांतपणे येतो. गुहेतलं तापमान साधारण बाहेरच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. बाहेरची सरासरी वाढली की काही काळाने आतलीही वाढते. रिबेरा यांच्या गटाने लेप्टोडिरिनी भुंगेरे वेगवेगळ्या तापमानांत ठेवून पाहिले. काही उंच पिरिनीजमधले होते, काही कॅटलोनियाच्या किनाऱ्याजवळच्या उबदार टापूतले. दोघांची घरं वेगळ्या तापमानांची असली, तरी सोसण्याची मर्यादा जवळपास एकच निघाली. २० अंश सेल्सियसच्या आसपास ते तग धरतात, त्याहून फार वर गेलं की दिवस भरतात. नंतरच्या प्रयोगांत हेही दिसलं की उष्णतेची हळूहळू सवय करून घेण्याची जी क्षमता बाहेरच्या कीटकांत असते, ती यांनी गमावलेली आहे. थंड गुहेतल्यांना अजून वाव आहे, उबदार गुहेतले मर्यादेच्या अगदी काठावर आहेत. कोणत्या प्रजातीकडे आधी धावायचं हे ठरवायला याहून उपयोगी माहिती नाही, आणि ती नुसत्या वर्णनांतून मिळाली नसती.

भारतात या अभ्यासाची सुरुवात चांगली झाली होती. १९२२ मध्ये स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी गारो टेकड्यांमधल्या सिजू गुहेची पद्धतशीर पाहणी केली आणि १९२४ मध्ये इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात तिचा मोठा अहवाल आला. उष्ण प्रदेशातल्या गुहांचं वेगळेपण त्यात आहे. तिथे वटवाघळांच्या विष्ठेमुळे अन्नाची रेलचेल असते, आणि युरोपातल्या उपाशी गुहांवरून बांधलेले आडाखे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. बस्तरच्या कोटमसर गुहेत इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या माशाची कमी डोळ्यांची, फिकट झालेली वस्ती अभ्यासली गेली आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये या माशाचं पहिलं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यांवरून. आणि २०२१ मध्ये मुंबईत, जोगेश्वरीतल्या एका जुन्या विहिरीतून, डोळे नसलेला वामसदृश मासा रक्तमिक्थिस मुंबा या नावाने नोंदला गेला. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या पायाखालच्या भेगांत एक आंधळा प्राणी राहत होता.

म्हणून महाराष्ट्राचा विचार इथे उपरा नाही. आपल्याकडे चुनखडीच्या लांबलचक गुहा नाहीत आणि अजिंठा-वेरूळची लेणी तर माणसाने खोदलेली, म्हणून हा विषय आपला नव्हे असं वाटू शकतं. पण जुबेर्तींच्या शोधानंतर गुहा ही अट राहिलेली नाही, आणि कॅनरी बेटांवर ज्वालामुखीच्या खडकातल्या दरडींखालीही भूमिगत भुंगेरे सापडले आहेत. सह्याद्री म्हणजे बेसाल्टच. त्याच्या घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात पालापाचोळा, त्याखाली मुरूम, त्याखाली दरडीतले सुटे दगड आणि भेगा आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याला तर अंगभर भोकं. शोधण्याची पद्धतही खर्चिक नाही. सगळीकडून छिद्रं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप मीटरभर किंवा त्याहून खोल खड्ड्यात उभा पुरायचा, भोवती काढलेले दगड पुन्हा भरायचे, तळाशी दोरीला बांधून आमिषाचा पेला सोडायचा आणि वर झाकण लावायचं. पावसाळ्यात पाणी भरतं, तेव्हा उताराची निचऱ्याची बाजू निवडायला हवी. सोबत तापमान नोंदणारं छोटं यंत्र सोडलं, तर एप्रिल-मेमध्ये मीटरभर खाली किती गारवा राहतो हेही कळेल, आणि थंडाव्याला चिकटलेले प्राणी तिथे शोधायचे की नाहीत ते ठरवता येईल. पेल्यात अल्कोहोल न घालता तळाशी ओली माती घालावी आणि दर आठवड्याला तो वर काढावा. जे येईल ते जिवंत येईल, आणि त्यातलं थोडं पाळून पाहता येईल.